यदुराजाचा प्रश्न आणि कुमारीची कंकणे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद येतो. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. सातव्या अध्यायात सुरू झालेला हा संवाद नवव्या अध्यायात पूर्ण होतो. आपल्या संप्रदायात या अवधूताला आपण श्रीदत्तात्रेयच मानतो, आणि त्याचे चोवीस गुरू तर दत्तभक्तांच्या घरी मुलांनाही तोंडपाठ असतात. पृथ्वी, वायू, आकाश, जल असे करत भृंगीपर्यंत. पण गुरूंची नावे पाठ करण्याच्या नादात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. हा प्रश्न विचारला कोणी?

विचारणारा राजा आहे. गजेंद्राचा पाय मगरीने धरला होता. परीक्षितीच्या हातात सातच दिवस उरले होते. अर्जुनासमोर दोन्ही बाजूंनी सैन्य उभे होते. यदूवर असे कुठलेही संकट आल्याचे भागवत सांगत नाही. सगळे यथास्थित असताना तो एका अनोळखी, निर्भय फिरणाऱ्या तरुण अवधूताला थांबवतो आणि विचारतो, की सगळे जग काम आणि लोभ यांच्या वणव्यात होरपळते आहे, मग तुम्ही गंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हत्तीसारखे निवांत कसे? तुमच्या अंगी सामर्थ्य आहे, विद्या आहे, कौशल्य आहे, बोलणे गोड आहे, तरी तुम्ही काही करत नाही, काही मागत नाही, हे कसे?

हा भरल्या घरातल्या माणसाचा प्रश्न आहे. म्हणूनच दत्तजयंतीच्या या अंकासाठी तो घ्यावा असे वाटले. आमच्या गुरुवारच्या अभ्यासमंडळात गेली बरीच वर्षे मी एकनाथी भागवत वाचतो आहे. पूर्वी लोक अडचणी घेऊन यायचे. नोकरी नाही, मुलीचे जमत नाही, घर गळते. अशी माणसे आजही येतात, पण आता एक वेगळाच वर्ग वाढला आहे. यांच्याकडे सगळे आहे, आणि सगळे असल्याचाच यांना दम लागतो.

आमच्याकडे नेमाने येणाऱ्या एक ताई आहेत. बँकेत नोकरी करतात. मागच्या वर्षी वाचन संपल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, ‘काका, सगळं चांगलंच चाललंय हो. वाईट म्हणावं असं एकही नाही. मग रात्री तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं, ते का?’

मी म्हटले, ‘काय काय चांगलं चाललंय ते सांगा बघू.’

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. वरच्या पदाची परीक्षा. मुलगी बारावीला. नव्या घराचा ताबा मिळालेला. सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट पार पडले, आता थेंब घालायचे चार वेळा. दिराच्या मुलाचे लग्न ठरले. सोसायटीने विश्वासाने खजिनदार केले. दत्तजयंतीच्या महाप्रसादाची जबाबदारी. आणि घरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह. ‘पारायणाला हे बसतात,’ त्या म्हणाल्या, ‘आणि त्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक, नैवेद्य, सांगतेचं जेवण माझ्याकडे.’ दोन्ही हातांची बोटे संपली तरी यादी संपली नव्हती.

आधी एक सांगून टाकतो. झोप सलग उडत असेल, धडधड होत असेल, तर पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवावे. ताईंनाही मी तेच सांगितले. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. पोथी औषधाच्या जागी नसते आणि औषध पोथीच्या जागी नसते. पण गोळीने रक्तदाब उतरला तरी यादी तेवढीच राहते. तिचे काय करायचे?

चोवीस गुरूंपैकी समुद्र इथे पटकन आठवतो. पावसाळ्यात नद्या भरभरून येतात म्हणून तो मर्यादा सोडत नाही, उन्हाळ्यात आटल्या म्हणून सुकत नाही. भरतीचा धडा तो हाच, पण गृहस्थाला तो जरा लांबचा वाटतो. आपण समुद्र नाही, फार तर ओढा आहोत. म्हणून मी मंडळात समुद्राऐवजी नृसिंहवाडी सांगतो. ज्यांनी पावसाळ्यात वाडी पाहिली आहे त्यांना चटकन कळेल. कृष्णा आणि पंचगंगा फुगतात, पाणी घाटाच्या पायऱ्या चढत मंदिरात शिरते. पादुकांवरून वाहून ते दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागले की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती आणि पूजेचे साहित्य वर सुरक्षित जागी नेतात, आणि पूजाअर्चा तिकडे चालू राहते. पादुका मात्र जागच्या जागी, पाण्याखाली. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हाही पादुका तिथेच होत्या. पूर आल्यावर काय हलवायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिथल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पूर येऊ नये असे ते म्हणत नाहीत. ती तर कृष्णामाईच आहे, तिच्याच काठावर सगळे उभे आहे.

घरात भर येते तेव्हा आपण बहुधा उलटे करतो. सामान सगळे सांभाळतो, आणि आपली पूजा, आपली झोप, आईशेजारी बसायची दहा मिनिटे, हीच पहिल्यांदा हलवतो.

टिटवीएवढ्या जिवापासून अजगरापर्यंत शिकवणारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येक गुरू प्रत्येकासाठी नसतो. अजगर पडल्या जागी जे मिळेल ते खातो. हा धडा संसारी माणसाने शब्दशः घेतला तर चूल विझेल. कुरर पक्ष्याचा धडा जवळचा आहे. चोचीत मांसाचा तुकडा आहे म्हणून बलवान पक्षी त्याच्यामागे लागतात, तुकडा टाकतो आणि सुटतो. तो तुकडा त्याला आवडत होता, हे लक्षात घ्या. नावडते टाकणे कुणालाही जमते.

पण माझ्या मते या प्रश्नाचा खरा गुरू आहे कुमारी. नवव्या अध्यायातली ती मुलगी. तिच्याकडे मी आता जरा सावकाश जातो.

घरात मुलगी एकटी आहे. घरचे बाहेर गेले आहेत. अशात तिला मागणी घालायला पाहुणे येतात. तीच त्यांचे आदरातिथ्य करते. जेवायला वाढायचे तर घरात कांडलेले तांदूळ नाहीत. ती आतल्या बाजूला जाऊन साळी कांडायला बसते. मुसळ वरखाली होताना हातातली शंखाची कंकणे मोठ्याने वाजू लागतात. तिला लाज वाटते, की बाहेर पाहुण्यांना कळेल, घरात तांदूळ नाहीत, मुलीलाच कांडावे लागते. मग ती एकेक कंकण फोडते. दोन्ही हातांत दोन-दोन ठेवते. कांडू लागते, तर त्या दोघांचाही आवाज होतो. मग त्यातलेही एकेक फोडते. एकच राहते, आणि आवाज थांबतो.

यावरून अवधूत जे शिकतो ते आपण ऐकलेले असते. पुष्कळ माणसे एकत्र राहिली की भांडण, दोघे राहिले तरी बोलणे, म्हणून एकट्याने विचरावे. संन्याशासाठी हे अगदी बरोबर आहे. पण आपल्यासारख्याने तेवढेच घेऊन उठू नये. एकनाथमहाराज स्वतः पैठणला प्रपंच करत होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्याचे किल्लेदार, मोठ्या जबाबदारीची नोकरी, आणि थोर दत्तभक्त. अशा घराण्यातल्या प्रापंचिकाने या अकराव्या स्कंधावर टीका लिहायला घेतली आणि काशीला शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, ती पुरी केली. हा ग्रंथ संसारातल्या माणसाने वाचायचा आहे, याला याहून मोठा दाखला कशाला हवा?

तर संसारी माणसाच्या नजरेने ती मुलगी पुन्हा पाहा. तिने काय सोडले नाही? पाहुण्यांना परत पाठवले नाही. कांडण थांबवले नाही. मुसळ तिच्या हातात शेवटपर्यंत आहे. पाहुणे, साळी, मुसळ, तिघेही जागेवर. गेली ती फक्त वाजणारी कंकणे. आणि कंकणे काही वाईट वस्तू नाहीत. सौभाग्याची, हौसेची, कुणी प्रेमाने भरलेली असतील. एरवी ती हातात शोभलीच असती. पण आज, या कांडणात, त्यांचा आवाज होत होता.

ताईंना मी हेच सांगितले. म्हटले, यादी कागदावर लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा, हा पाहुणा, ही साळ, की हे कंकण? ओळखायचे कसे, असे त्यांनी विचारले. सोपे आहे. ते काढले तर कुणी उपाशी राहणार आहे का? राहणार असेल तर तो पाहुणा. त्याला जेवू घालण्यासाठी करावेच लागते ते कांडण. आणि ज्याच्या जाण्याने कुणाच्याही पानातले काही कमी होत नाही, फक्त आपल्या हातांचा आवाज कमी होतो, ते कंकण.

पुढच्या गुरुवारी त्या कागद घेऊन आल्या. एकोणीस ओळी होत्या. सासूबाईंचे डोळ्यांतले थेंब पाहुण्यात. मुलगी अर्थातच पाहुण्यात. खजिनदारी कंकणात, आणखी दोघे जण ती करायला तयार होते, यांनी फक्त ‘नाही’ म्हटले नव्हते. नव्या घराची वास्तुशांत मार्गशीर्षातच उरकायचा हट्ट कंकणात. पुढे मुलीची परीक्षा झाल्यावर मुहूर्त निघालाच असता. लग्नघरची चार केळवणे स्वतःच्या हातचीच करायची, हेही. पारायणाच्या सातही दिवशी रोज वेगळे पक्वान्न, हे तर पोथीत कुठेच नाही. आमच्याकडे असेच असते, एवढाच त्याला आधार. महाप्रसादापुढे त्यांनी बराच वेळ खूण केली नव्हती. शेवटी संपूर्ण जबाबदारी सोडून आदल्या संध्याकाळी तांदूळ निवडायला बसायचे, एवढीच सेवा त्यांनी ठेवली.

त्या कंकणांत एक गंमत दिसली, ती सांगायलाच हवी. ताईंच्या हातात वाजणारी काही कंकणे त्यांची नव्हतीच. यजमानांच्या संकल्पाचे कंकण त्यांच्या मनगटावर वाजत होते. संकल्प एकाचा, सोवळे दुसऱ्याचे. पुष्कळ भाविक घरांत हे चालते. संकल्प सोडताना पाणी आपल्या तळहातावरून जाते, पण भार कुणाच्या पाठीवर पडतो तेही त्याच वेळी पाहून घ्यावे, असे मला स्पष्ट वाटते.

आता दोन कंकणांचा मुद्दा. भागवतकारांनी हे किती बारकाईने पाहिले आहे! सगळी फोडून दोन उरली, तरी आवाज होतोच. ताईंच्या हातात शेवटी दोन राहिली, वरच्या पदाची परीक्षा आणि मुलीची बारावी. दोन्ही खरी, दोन्ही हवीशी. पहाटे साडेपाचला मुलीला क्लासला सोडायचे, आणि अभ्यासाला बसायची तीच वेळ. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘परीक्षा पुढच्या वर्षी द्या, आईचं कर्तव्य आधी.’ मला ते पटले नाही. कथेतली कुमारी घरात एकटी होती, म्हणून तिला कंकण फोडावे लागले. आपल्या घरात चार माणसे असतात. यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी तिथेच सांगितले, ‘पहाटेचं मी बघतो.’ पण पहाट गेली म्हणजे त्यांचा सप्ताहही गेला, कारण ते पहाटेच वाचायला बसत. त्याबद्दल पुढे लिहितो.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो श्रद्धेतून येतो म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. ‘आपण कोण सोडणारे? महाराज करून घेतील.’ याला दाखला म्हणून श्रीगुरुचरित्राच्या ३८ व्या अध्यायातला भास्कर ब्राह्मण सांगतात. तिघांपुरत्या शिध्यावर चार हजार लोक जेवले, मग आमचे का होणार नाही?

अध्याय पुन्हा वाचा. भास्कर गरीब होता. श्रीगुरूंना भिक्षा घालायची इच्छा मनात धरून तो तिघांपुरता शिधा घेऊन गाणगापुरी आला. तेवढीच त्याची ऐपत होती आणि तेवढेच त्याने आणले. कर्ज काढून चार हजारांचा शिधा आणला नाही. रोज कुणी ना कुणी दुसरा भिक्षा करी, त्यात हाही जेवे, असे तीन महिने गेले. गाठोडे उशाला घेऊन तो झोपत असे. लोक हसले. तरी त्याने ईर्ष्येने शिधा वाढवला नाही की गाठोडे टाकून निघूनही गेला नाही. एक दिवस श्रीगुरूंनीच बोलावून सांगितले, आज तू स्वयंपाक कर, आणि सगळ्यांना आमंत्रण द्यायची आज्ञाही त्यांचीच. अन्नावर झाकायला वस्त्र श्रीगुरूंचे. तिघांचे भास्कराकडे होते, चार हजारांचे त्यांच्याकडे. चार हजार पाने आपण मांडायची आणि वस्त्र महाराजांनी पाठवावे अशी वाट पाहायची, हे भास्कराने केलेले नाही.

तसाच दुसरा दाखला दिवाळीचा. निरनिराळ्या गावांच्या सात शिष्यांनी एकाच दिवाळीला श्रीगुरूंना आपापल्या घरी यायचा आग्रह केला. श्रीगुरू सातही घरी गेले आणि गाणगापूरच्या मठातही राहिले. आठ रूपे घेतली. ही कथा मंडळात वाचली की मी हमखास विचारतो, यातले आपण कोण? सगळे गालातल्या गालात हसतात. आपण त्या शिष्यांपैकी, फार झाले तर. पण दिवाळीच्या आठवड्यात आमचा दिनक्रम पाहिला तर कुणालाही वाटेल की आठ रूपे घ्यायची विद्या आम्हालाच मिळाली आहे. एका देहाने आठ घरी जायचे, आणि नवव्या ठिकाणी मोबाइलमध्ये हजर राहायचे.

परंपरेने श्रीदत्तप्रभूंचा दिवसही कसा लावून दिला आहे, पाहा. स्नान काशीला, भिक्षा करवीरात, निद्रा माहूरगडावर. ठिकाणे लांब लांब आहेत खरी, पण एका ठिकाणी एकच काम. कोल्हापुरात भिक्षेच्या वेळी महाराज काशीच्या स्नानाचा विचार करत उभे आहेत, असे कुणी कधी सांगितलेले नाही.

आता पारायण. सप्ताहाच्या रूढ पद्धतींपैकी एकीत पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, चौथ्या दिवशी पस्तिसाव्यापर्यंत जातात. आणि पाचव्या दिवशी वाचायचे फक्त तीन अध्याय, ३६, ३७ आणि ३८. नवीन वाचकाला वाटते, आज सुट्टीच! बसल्यावर कळते. छत्तिसावा आणि सदतिसावा हे आचारधर्माचे अध्याय फार लांबलचक आहेत. ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी अध्याय मोजले नाहीत, वजन पाहिले. दुसऱ्या दिवशी बारा आणि पाचव्या दिवशी तीन, हे कागदावर विषम दिसते, बैठकीत सम होते. आपल्या आठवड्याची वाटणी करतानाही हे उपयोगी पडेल. ‘मंगळवारी एकच तर काम आहे’ असे आपण म्हणतो, आणि ते एक काम छत्तिसावा अध्याय असतो.

ताईंच्या यजमानांनी मला विचारले, ‘सप्ताह सोडला तर दोष लागेल का? अकरा वर्षं करतोय.’ संकल्प उच्चारलेला नव्हता, त्यामुळे मोडण्याचा प्रश्नच नव्हता. आणि वाचन सोडायचे नव्हतेच, त्याचा वेग बदलायचा होता. त्यांनी रोज एक अध्याय वाचायला घेतला, रात्री मुलगी अभ्यासाला बसते त्याच खोलीत, हळू आवाजात. पारायणाचे नियम वेगळे आणि नित्यवाचनाचे वेगळे, हे आपल्या गुरूंना किंवा जवळच्या दत्तमंदिरातल्या जाणत्यांना विचारून घ्यावे. छत्तिसावा अध्याय त्यांना एका बैठकीत झाला नाही, दोन रात्री लागल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो नीट कळला, असे ते म्हणाले.

ताईंनी परीक्षा दिली. त्यांना ते पद मिळाले नाही. यंदा पुन्हा बसणार आहेत. मुलगी बारावी झाली. तीनची जाग अजून अधूनमधून येते, पण पूर्वीसारखी रोज नाही, आणि गोळी चालू आहे.

ज्यांना सप्ताह झेपत नाही आणि तरी जयंतीला पोथी पूर्ण झालेली हवी, त्यांच्यासाठी एक हिशेब. पोथीचे अध्याय ५३ धरले, तर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करून रोज एक अध्याय वाचावा. मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत साधारण ५९ दिवस मिळतात. म्हणजे मध्ये दिवाळीचे चार-पाच दिवस वाचन झाले नाही, तरी जयंतीच्या दिवशी शेवटचा अध्याय येतो. यंदाची जयंती तर आलीच. ज्यांचा सप्ताह सुरू आहे त्यांनी तो आनंदाने पुरा करावा, आणि पाचव्या दिवशी लवकर बसावे.